दिल्लीचं चलान आणि एमएच गाडी: 'कॉन्टेस्ट' दाबण्याआधी हे वाचा

पुण्याची गाडी, दिल्लीच्या कॅमेऱ्यात पकडलेला वेग, आणि गाडी विकायला काढल्यावर त्या थकलेल्या चलानामुळे अडलेली एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला), आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे.

चलान कसं शोधायचं ते सांगत बसत नाही. एवढंच, की महाट्रॅफिकवर (महाराष्ट्राच्या चलानांची साइट) काही थकलेलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, तिथे दिल्लीचं दिसत नाही. केंद्राच्या 'परिवहन'च्या ई-चलान साइटवर बघा, चासी नंबरचे शेवटचे 5 आकडे लागतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढची. मुदतीत न भरलेलं चलान व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात जातं. तिथे दंड भरा किंवा 'कॉन्टेस्ट' करा, म्हणजे चलानाला आव्हान द्या, असं विचारतात. लोकांना वाटतं, कॉन्टेस्ट म्हणजे तक्रार नोंदवणं. अजिबात नाही! ते दाबलं की प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टात जातं. मग व्हर्च्युअल कोर्टाच्या साइटवर सरळ दंड भरून सुटता येत नाही, बहुधा दिल्लीला तारखेला जावं लागतं नाहीतर वकील लावावा लागतो. जाण्यायेण्याचा खर्चच दंडाहून जास्त होतो. चूक तुमचीच असेल तर सरळ भरून मोकळे व्हा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नंबरच चुकीचा वाचला असेल किंवा कुणी बनावट पाटी लावली असेल तर गोष्ट वेगळी. मग चलान कोर्टात जायच्या आत ई-चलान साइटवरच तक्रार टाका. सोबत आरसी, गाडीचे पुढून-मागून फोटो आणि त्या दिवशी गाडी इकडे होती हे दाखवणारं फास्टॅगचं स्टेटमेंट जोडा. कोर्टात गेल्यावर पोलिसांच्या हातात फारसं उरत नाही.

व्हर्च्युअल कोर्टाच्या यादीत दिल्ली दोनदा आहे, 'नोटीस' आणि 'ट्रॅफिक'. कॅमेऱ्याचं बहुधा नोटीसमध्ये सापडतं. पैसे कापले गेले आणि तरी 'पेंडिंग' दिसतंय, तर दुसऱ्यांदा भरू नका. ट्रान्झॅक्शन नंबर जपून ठेवा आणि 'डिस्पोज्ड' (निकाली) दिसेपर्यंत एनओसीचा अर्ज करू नका.

आपल्याकडच्या आरटीओला दुसऱ्या राज्याचं चलान मिटवता येत नाही, हे खरंच आहे. पण मग कुठे जायचं ते न सांगता माणसाला 'पुढच्या आठवड्यात या' म्हणून हेलपाटे घालायला लावणारे काउंटर आहेत, त्याचा राग येतो. इथल्या लोक अदालतीतही दिल्लीचं चलान मिटत नाही.

मी वकील नाही, आणि राज्याराज्यात पद्धत वेगळी आहे. तेलंगणाची तर साइटच स्वतंत्र आहे.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चलानच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली तर उघडूसुद्धा नका, खातं रिकामं होतं.