‘पुढच्या पाळीपर्यंत’ म्हणजे नेमके कुठवर?

नागपुरात धरमपेठेत दर रविवारी संध्याकाळी जमणाऱ्या एका गटाचा प्रश्न आहे. हा गट ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक साहसांचा, फासे टाकून खेळायचा खेळ मराठीतून खेळतो आणि त्यासाठी स्पेलचे, म्हणजे खेळातल्या जादूमंत्रांचे, नियम त्यांनी स्वतःच मराठीत लिहून घेतले आहेत. त्यांच्या वहीत ‘शिल्ड’ या स्पेलपुढे ‘परिणाम पुढच्या पाळीपर्यंत टिकतो’ असे वाक्य आहे. खेळाडूची पुढची पाळी आली की परिणाम लगेच संपतो, की ती पाळी पुरी होईस्तोवर राहतो, यावर गटात दोन तट पडले असून, ‘पर्यंत’चा खरा अर्थ कोणता, असे त्यांनी विचारले आहे.

केवळ मराठीच्या अंगाने पाहिले तर दोन्ही तट बरोबर आहेत, आणि हीच या वाक्यातली अडचण आहे. ‘पाच वाजेपर्यंत’ किंवा ‘तो येईपर्यंत’ म्हटले की वाद होत नाही, कारण पाच वाजणे किंवा कोणी येणे हा एक क्षण असतो. पण ज्या शब्दाला ‘पर्यंत’ जोडले आहे तो क्षण नसून काळाचा किंवा जागेचा एक पट्टा असेल, तर तो पट्टा हिशेबात धरायचा की नाही, हे ‘पर्यंत’ स्वतः सांगत नाही. ‘सोमवारपर्यंत अर्ज द्यावेत’ यात सोमवार धरलेला असतो, ‘दिवाळीपर्यंत घर रंगवून होईल’ यात दिवाळी बहुधा धरलेली नसते; आणि बर्डीवरच्या एखाद्या दुकानावर ‘सोमवारपर्यंत बंद’ अशी पाटी दिसली, तर सोमवारी तिथे जावे की जाऊ नये, हे पाटी लिहिणाऱ्यालाच विचारावे लागते. खेळातली पाळीसुद्धा असाच पट्टा आहे, कारण तीत चालणे, हल्ला करणे, स्पेल टाकणे अशा अनेक गोष्टी एकामागून एक घडतात.

हा पेच आपल्या व्याकरणपरंपरेने फार पूर्वी ओळखलेला आहे, आणि तो इथे इतका चपखल लागू पडतो की सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘आमरण’, ‘आबालवृद्ध’ या शब्दांतला ‘आ’ म्हणजे ‘पर्यंत’च. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘आङ् मर्यादाभिविध्योः’ (२.१.१३) असे सूत्र आहे. सीमा वगळून जो ‘पर्यंत’ होतो ती मर्यादा, आणि सीमेला पोटात घेऊन होतो तो अभिविधी. अष्टाध्यायीवरील काशिकावृत्ती या टीकेत मर्यादेचे उदाहरण पाटलिपुत्रापर्यंत पडलेल्या पावसाचे आहे, तर अभिविधीचे उदाहरण मुलाबाळांपर्यंत पोचलेल्या पाणिनीच्या कीर्तीचे आहे. वर्ध्याहून आलेला पाहुणा ‘बुटीबोरीपर्यंत पाऊस होता’ असे म्हणतो, तेव्हा बुटीबोरीचे रस्ते ओले होते की कोरडे, हा प्रश्न तोच आहे.

कायद्याने या बाबतीत एक बाजू घेतलेली दिसते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ नुसार, मुदत मोजताना ‘पासून’चा पहिला दिवस वगळला जातो आणि ‘पर्यंत’चा शेवटचा दिवस धरला जातो. अर्ज, बिले, परीक्षांची शुल्के यांच्या तारखा पाहून आपले मन अभिविधीला सरावलेले असते, आणि मला वाटते की गटातल्या ज्यांनी पाळी धरली, त्यांनी ती याच सवयीने धरली असावी.

खेळाच्या मूळ नियमांत मात्र संदिग्धता नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘पुढच्या पाळीचा आरंभ’ आणि ‘पुढच्या पाळीचा शेवट’ या दोन वेगळ्या सीमा आहेत व त्या जाणीवपूर्वक वापरलेल्या आहेत. ‘शिल्ड’मुळे आर्मर क्लासमध्ये, म्हणजे वार चुकवण्याच्या बचावाच्या आकड्यात, ५ ची भर पडते, ती पाळीच्या आरंभापर्यंत. म्हणून स्वतःच्या पाळीत शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडताना त्याने संधी साधून वार केला, तर ही भर उपयोगी पडत नाही. याउलट ‘गायडिंग बोल्ट’ लागलेल्या शत्रूवरील पुढच्या हल्ल्याला मिळणारा फायदा, म्हणजे २० बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा, पाळीच्या शेवटापर्यंत शिल्लक राहतो, त्यामुळे मधे कोणी तो वापरला नसेल तर स्पेल टाकणाऱ्यालाच तो घेता येतो. ‘चिल टच’मध्ये तर दोन्ही सीमा एकत्र येतात. ज्याला तो लागला त्याच्या जखमा स्पेल टाकणाऱ्याच्या पुढच्या पाळीच्या आरंभापर्यंत भरून येत नाहीत, आणि लागलेला जीव मृतयोनीतला (मेल्यावरही हिंडणारा) असेल तर स्पेल टाकणाऱ्यावरील त्याचे हल्ले त्याच पाळीच्या शेवटापर्यंत दुबळे राहतात. हे दोन्ही ‘पुढच्या पाळीपर्यंत’ असे लिहिले, तर नियमाचा अर्धा अर्थ नाहीसा होतो.

उपाय मराठीतच आहे. ‘पर्यंत’ नामाला न जोडता क्रियापदाला जोडावा: ‘पुढची पाळी सुरू होईपर्यंत’ आणि ‘पुढची पाळी संपेपर्यंत’. सुरू होणे आणि संपणे हे क्षण असल्यामुळे तिथे मर्यादा आणि अभिविधी यांत फरकच उरत नाही. ‘पावेतो’ हा जुना शब्द वापरून मात्र काही साधणार नाही, कारण तोही ‘पर्यंत’इतकाच मोघम आहे. ‘तीन जणांपर्यंत’ यासारखे संख्येचे उल्लेख आहेत तसेच ठेवावेत, तिथे तिसरा धरलेलाच असतो.

वहीचे जे पान गटाने पाठवले आहे, त्यात आणखी एक चूक आहे, जिच्याबद्दल त्यांनी विचारलेले नाही. ‘चिल टच’पुढे ‘शत्रू आपल्या पुढच्या पाळीपर्यंत बरा होऊ शकत नाही’ असे लिहिले आहे. मराठीत ‘आपला’ हे सर्वनाम सामान्यतः वाक्यातल्या कर्त्याकडे वळते, आणि इथे कर्ता शत्रू असल्याने ती पाळी शत्रूची ठरते. मूळ नियमात ती स्पेल टाकणाऱ्याची आहे. तेव्हा ते वाक्य असे लिहावे: ‘स्पेल टाकणाऱ्याची पुढची पाळी सुरू होईपर्यंत शत्रूच्या जखमा भरून येत नाहीत.’