लोकलच्या प्रवासात ऐकण्याजोगे चालू घडामोडींचे पॉडकास्ट : निवड कशी करावी

आपण विचारले आहे की डोंबिवली ते सीएसएमटी या रोजच्या प्रवासात राजकारण, माध्यमे, तंत्रज्ञान आणि संस्कृती यांविषयीचे कोणते पॉडकास्ट ऐकावेत, त्यांतले विश्वासार्ह कसे ओळखावेत, आणि मोतीबिंदूमुळे वर्तमानपत्र वाचणे अवघड झालेल्या आपल्या वडिलांना त्यांतले काही ऐकवता येईल का. मी याच मार्गावर गेली बारा वर्षे हे सारे ऐकत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी नावे सांगतो. मराठीत बीबीसी मराठीच्या ‘सोपी गोष्ट’मध्ये एका वेळी एकाच विषयाची थोडक्यात उकल असते, तर ‘थिंक बँक’वर अभ्यासकांच्या आणि पत्रकारांच्या मोठ्या मुलाखती मिळतात. इंग्रजी चालत असेल तर इंडियन एक्सप्रेसचे ‘थ्री थिंग्ज’ आणि द हिंदूचे ‘इन फोकस’ ऐकावे. तेथे पुष्कळदा ज्या वार्ताहराने बातमी केली त्यालाच बोलते केले जाते. माध्यमांविषयी न्यूजलाँड्री या वृत्तसंकेतस्थळाचा साप्ताहिक ‘एनएल हफ्ता’ आहे. तो मुख्यतः वर्गणीदारांच्या बळावर चालतो आणि त्यात वर्गणीदारांची टीकेची पत्रेही वाचून दाखवली जातात. अमित वर्मा यांचे ‘द सीन अँड द अनसीन’ 2017 मध्ये सुरू झाले. त्याचे अनेक भाग कित्येक तासांचे असल्यामुळे एकच भाग आपल्याला तीन-चार दिवस पुरेल.

मात्र नावांपेक्षा आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कानाशी रोज बोलणारा माणूस फार लवकर ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या माणसाचे म्हणणे आपण तपासत नाही. याचा धडा मला एका निकालाने दिला. 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शिवसेनेतील फुटीसंबंधीचा निकाल एकमताने दिला. त्या संध्याकाळी मी वर्षानुवर्षे ऐकत असलेल्या एका पॉडकास्टच्या दोन्ही सूत्रधारांनी एवढेच ठसवले की राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगणे न्यायालयाने अनुचित ठरवले, म्हणून नवे सरकार टिकण्यासारखे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत तेच ठामपणे सांगितले. समोरच्या बाकावर बसणारे एक वकील शांतपणे म्हणाले, “पुढचा भाग वाचलात का?” मी वाचला नव्हता. पुढे न्यायालयाने असेही म्हटले होते की उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे आधीची स्थिती परत आणता येणार नाही, आणि आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी घ्यावा. त्याच निकालात शिंदे गटाचे भरत गोगावले यांची प्रतोदपदावरील नियुक्ती अध्यक्षांनी मान्य करणे बेकायदेशीर ठरवले होते, म्हणजे दोन्ही बाजूंना अडचणीचे असे काही ना काही त्यात होते. त्या पॉडकास्टने नंतर ही अपुरी मांडणी दुरुस्त केली नाही, आणि मी तो ऐकणे थांबवले. चूक कोणाकडूनही होते. पुढच्या भागाच्या आरंभी ती कबूल केली जाते की नाही, हे मी तेव्हापासून पाहू लागलो.

त्याच्या जोडीला मी आणखी एक गोष्ट पाहतो : बोलणाऱ्याने मूळ कागद वाचला आहे का? पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या वादात ही कसोटी फार उपयोगी पडली. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयात हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य होती. 17 जूनच्या निर्णयात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आला, आणि हिंदीऐवजी अन्य भाषा हवी असल्यास इयत्तेत किमान 20 विद्यार्थ्यांची इच्छा असावी अशी अट आली. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. त्या आठवड्यांत मी या विषयावरचे पुष्कळ भाग ऐकले. बहुतेकांत अस्मितेवर तासभर आवेशाने बोलले गेले. एका भागात मात्र एका शिक्षिकेने शासन निर्णयाचे परिच्छेद वाचून दाखवले आणि लहान पटाच्या शाळेत 20 मुले आणायची कोठून, असे विचारले. भाषेवर माझे प्रेम आहे आणि आवेशाची मला अडचण नाही, परंतु सक्ती नेमकी कोठे लपली आहे हे मला त्या शिक्षिकेच्या एका प्रश्नाने कळले.

लांबीवरून खोलीचा अंदाज बांधू नये. मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध झालेली पंतप्रधान मोदी यांची अमेरिकी पॉडकास्टर लेक्स फ्रिडमन यांनी घेतलेली मुलाखत तीन तासांहून अधिक आहे, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तेथीलच पॉडकास्टर जो रोगन यांच्याकडे डोनाल्ड ट्रम्पही सुमारे तीन तास बोलले. अशा मुलाखतींतून नेत्याची बोलण्याची धाटणी कळते, काही वेळा जडणघडणही कळते. परंतु उत्तर अपुरे असताना पुन्हा विचारलेला प्रश्न त्यांत क्वचितच सापडतो. राज्यातील नेतेही आता पॉडकास्टवर वारंवार येतात. ते ऐकताना सूत्रधाराने प्रतिप्रश्न किती केले एवढे मोजावे.

माध्यमांविषयीच्या भागांत मालकी सांगितली जाते का, हे पाहावे. धारावीच्या पुनर्विकासाची निविदा अदानी समूहाने नोव्हेंबर 2022 मध्ये जिंकली आणि पुढच्याच महिन्यात एनडीटीव्हीचे नियंत्रण त्या समूहाकडे आले. यावरून एनडीटीव्हीवरील प्रत्येक बातमी पक्षपाती ठरत नाही. तथापि धारावीवर बोलताना हा संबंध श्रोत्याला सांगणे हे माझ्या मते कर्तव्यच आहे, आणि हाच नियम प्रत्येक समूहाला, प्रत्येक पक्षाला व प्रत्येक जाहिरातदाराला लागू व्हावा.

तंत्रज्ञानाच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी नव्या फोनचीच चर्चा मिळेल. ती टाळून कायद्यापर्यंत जाणारे भाग निवडावेत. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाला देणारी माहिती तंत्रज्ञान नियमांची 2023 ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी ती घटनाबाह्य ठरवली. आपण काय ऐकू शकतो हेच ठरवणारा हा खटला आपण रोज उतरता त्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर चालला होता, आणि मराठीत त्यावरची सविस्तर चर्चा मला फारच थोड्या ठिकाणी मिळाली. ही उणीव मला मनापासून खटकते. नाटक, साहित्य, संगीत यांवर मराठीत पुष्कळ आणि चांगले बोलले जाते. तेथे आपल्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

आता वडिलांविषयी. मुंबईत 23 जुलै 1927 रोजी आकाशवाणीच्या पूर्वसुरी कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हापासून या शहराला ऐकण्याची सवय आहे. परंतु खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसून 2011 च्या धोरणानुसार त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशीच लावता येतात. त्यामुळे वडिलांच्या पिढीला रेडिओवरची बातमी म्हणजे तपासून आलेली बातमी असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि पॉडकास्टवर हा विश्वास सरसकट टाकणे धोक्याचे आहे. त्यांना सकाळी आकाशवाणीचे मराठी बातमीपत्र ऐकवावे. ते न्यूज ऑन एआयआर या ॲपवर मिळते. त्यानंतर ‘सोपी गोष्ट’चा एखादा भाग लावावा. मोठी मुलाखत रविवारी दोघांनी मिळून ऐकावी, मधेच थांबवून बोलावे, आणि शंका आली तर मूळ निकाल किंवा शासन निर्णय आपण त्यांना वाचून दाखवावा.

भाग आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवावेत, कारण वाटेत नेटवर्क गेले की आवाज तुटतो. आरंभी तीनच पॉडकास्ट घ्यावेत आणि त्यांतला निदान एक आपल्या मताच्या विरुद्ध बाजूचा असावा. महिनाभराने त्यांपैकी कोणी स्वतःची चूक दुरुस्त केली ते येथे अवश्य कळवावे, म्हणजे माझ्याही यादीत भर पडेल.