विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्रात नवा आहेस ना?

सेकंड व्हायोलिनच्या, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या दुसऱ्या गटाच्या, शेवटच्या स्टँडवर बसवलं म्हणून हिरमुसू नकोस. एका स्टँडवरची पानं दोघं मिळून वाचतात; त्यातल्या आतल्या, म्हणजे प्रेक्षकांपासून दूरच्या, बाजूला बसणाऱ्यानं पान उलटायचं असतं, ते काम तुझं. खुणा करायला पेन्सिल हवीच, कॉन्सर्टमास्टर (व्हायोलिनवाल्यांचा प्रमुख) बोची, म्हणजे गजाची, दिशा ऐन तालमीतसुद्धा बदलतो.

कंडक्टरची छडी खाली येण्याआधी वर जाते, ती हालचाल बघ. लय, जोर, श्वास, सगळं तिच्यातच असतं. मागे बसलं की पुढच्यांचा आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे नुसतं ऐकून वाजवलंस तर हमखास मागे पडशील. छडीवर विश्वास ठेव.

ब्रेस्लाउ विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली म्हणून जर्मन संगीतकार ब्राम्सनं १८८० मध्ये लिहिलेलं 'अकॅडमिक फेस्टिव्हल ओव्हर्चर' (ऑर्केस्ट्रासाठीची एक रचना) यंदा असेल, तर सुरुवातीची हळू आवाजातली पानं घरी घोटून ये. जोरकस शेवटापेक्षा तीच अवघड आहेत.