नव्वद टक्के प्लेसमेंट म्हणजे नेमकी किती मुलं?

प्रश्न: मुलाला इंजिनिअरिंगला घालायचंय. दोन खासगी कॉलेजं बघून आलो. एकाच्या फ्लेक्सवर ९०% प्लेसमेंट लिहिलंय, दुसऱ्याने ७०% सांगितलं. मग पहिल्या कॉलेजातली मुलं नोकरीसाठी जास्त तयार होतात असंच ना? फी पण तिथलीच जास्त आहे. (एक पालक, सातारा)

उत्तर: तेवढ्यावरून काहीच ठरवू नका. आधी विचारा, नव्वद टक्के कुणाचे? बऱ्याच ठिकाणी हा आकडा काढताना अख्खी बॅच धरतच नाहीत, फक्त 'एलिजिबल' मुलं धरतात, म्हणजे बॅकलॉग (राहिलेला विषय) नसलेली, दहावीपासून साठ टक्क्यांच्या वर असलेली आणि प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेली. समजा बॅच १८० ची आहे, त्यातली ९० एलिजिबल ठरली आणि ८१ जणांना ऑफर मिळाली, की फ्लेक्सवर ९०% छापायला मोकळे, पण फी भरलेली पोरं १८० होती आणि त्या हिशोबाने ते होतात ४५%. शिवाय एकाच हुशार मुलाच्या तीन ऑफर तीनदा मोजल्यात का हेही विचारा. पॅकेजचं तेच. नऊ जणांना ३ लाख आणि एकाला ३० लाख मिळाले तर सरासरी ५.७ लाख येते, आणि तेवढा पगार त्या दहातल्या एकालाही नसतो! म्हणून मीडियन विचारायचा, म्हणजे ओळीत उभं केल्यावर बरोब्बर मधल्या मुलाला किती मिळाले ते.

ही माहिती हातात असते पण पालक तिथपर्यंत जात नाहीत. कॉलेज एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेत असेल (केंद्र सरकारची ही कॉलेजांची रँकिंग २०१६ पासून निघतायत) तर त्यांनी भरलेली पीडीएफ कॉलेजच्याच वेबसाइटवर ठेवावी लागते. ती उघडा. त्यात एका ओळीत सगळं असतं बघा, त्या वर्षी पहिल्या वर्षाला किती मुलं आली, त्यातली किती वेळेत पास झाली, किती प्लेस झाली, मीडियन पगार किती आणि पुढे शिकायला किती गेली. हे आकडे कॉलेजनेच भरलेले असतात हे खरंय, तरी फ्लेक्सपेक्षा फार बरे, कारण इथे भागाकार तुम्ही स्वतः करू शकता.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. नोकरी लागणं आणि कामाला तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेकॅनिकलचा मुलगा सेल्समध्ये लागला तरी प्लेसमेंटच्या बेरजेत तो असतोच, आणि बाजार थंड असेल तर चांगला तयार मुलगाही घरी बसतो. ब्रिटनमध्ये आधी पदवीनंतर सहा महिन्यांनी सर्व्हे व्हायचा, आता साधारण पंधरा महिन्यांनी होतो, आणि त्यात काय करतोस एवढंच विचारत नाहीत तर शिकलेलं कामात वापरतोस का, हे काम तुझ्या पुढच्या प्लॅनमध्ये बसतं का हेही विचारतात. तुम्ही हेच छोट्या प्रमाणात करा, त्या कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली चार-पाच पोरं शोधा, आणि कॉलेजने नंबर दिलेली नकोत, गावातली, नात्यातली, कुणाच्या तरी ओळखीची शोधा.

प्रश्न: ताई, मी बीकॉम झाले. कॉलेजने एक ऑनलाइन एम्प्लॉयेबिलिटी टेस्ट घेतली त्यात मी 'नोकरीयोग्य नाही' मध्ये आले. बातम्यांत पण सारखं येतं की निम्मे पदवीधर लायकच नाहीत. आमच्यात खरंच काही नाही का? (सांगली)

उत्तर: असं अजिबात मनात आणू नकोस. तो निम्म्याचा आकडा २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालामुळे सगळीकडे गेला, ५१.२५ टक्के तरुण नोकरीयोग्य, आणि त्याच अहवालात हेही लिहिलंय की दहा वर्षांत हे प्रमाण ३४ वरून इथवर आलं, ते मात्र कुणी मथळ्यात घेतलं नाही. त्याच्याही आधी, २००५ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचा अभ्यास आला होता, भारतातले २५ टक्केच इंजिनिअर कामाचे, म्हणून अजून लोक तो आकडा फेकतात. पण तिथे प्रश्न होता मल्टिनॅशनल कंपनीत काम करायला योग्य किती, आणि उत्तर आलं एचआरवाल्यांच्या अंदाजातून. तेव्हा आकडा दिसला की कुठल्या कामासाठी आणि कुणाच्या मते, एवढं विचारायचंच.

तुझ्या टेस्टमध्ये इंग्रजी, गणिती कोडी, लॉजिक, थोडं कॉम्प्युटर असणार. यातलं इंग्रजी खरंच कच्चं असेल तर त्यावर मेहनत घे, ते मी नाकारत नाही. पण सांगलीतल्या सीएच्या ऑफिसात पहिल्या महिन्यात काय करावं लागतं बघ. महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी येतं (विकणाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी), ते खरेदी रजिस्टरशी एकेक बिल लावून जुळवायचं, एखाद्या पार्टीचं बिल आपल्याकडे आहे पण २बी मध्ये नाही, तर का नाही हे शोधायचं, त्यांनी रिटर्न भरलं नाही का, जीएसटी नंबर चुकला का, बिल पुढच्या महिन्यात दाखवलं का, आणि मग त्या पार्टीला फोन करून नीट बोलून ते दुरुस्त करून घ्यायचं. हे करण्यातली चिकाटी आणि फोनवरचं बोलणं त्या टेस्टमध्ये कुठेच मोजलं जात नाही. कुठल्या तरी ऑफिसात तीन महिने हे करून बघ आणि नंतर तिथल्या सीनियरला विचार, मला एकटीला कुठलं काम सोपवाल आणि कुठलं नाही. तो जे सांगेल ते त्या टेस्टपेक्षा जास्त धर.

प्रश्न: मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. एनबीएसाठी (अभ्यासक्रमांना मान्यता देणारं मंडळ) सीओ-पीओ अटेनमेंटच्या, म्हणजे विषयातून आणि पूर्ण पदवीतून मुलाला जे यायला हवं ते किती साधलं याच्या, एक्सेल शीट भरण्यात आमचं सेमिस्टर जातं. याने मुलांची तयारी खरंच मोजली जाते का? (एक प्राध्यापक)

उत्तर: सर, कल्पना वाईट नव्हती. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांत मानण्याचा आंतरराष्ट्रीय करार) पूर्ण सदस्य झाला, आणि त्यातल्या या सीओ-पीओच्या पद्धतीत विचारायचं असतं की किती शिकवलं यापेक्षा मुलाला शेवटी काय करता येतं. अडचण मापात आहे. त्याच लेखी पेपरचे मार्क घ्यायचे, ठरावीक मार्कांच्या वर किती टक्के मुलं गेली त्यावरून १, २, ३ अशी पातळी द्यायची आणि मॅपिंगच्या कोष्टकाने (कुठला विषय कुठल्या गुणाशी किती जोडलाय ते) गुणून टाकायची, की शेवटी टीमवर्क २.१, लाइफलाँग लर्निंग २.४ असं काहीतरी बाहेर पडतं. मुलगा टीममध्ये कसा वागला हे कुणी पाहिलेलंच नसतं हो! पाठ करून लिहिलेल्या उत्तराचे मार्क फक्त नाव बदलून दुसऱ्या रकान्यात जातात.

शीट तर भरावीच लागेल. पण सोबत एक करता येईल. मुलं इंटर्नशिपला जातात, आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे (एनईपी) बाकीच्या शाखांतही ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आलंय, आणि अनेक ठिकाणी ते हजेरी आणि सही-शिक्क्यावर भागतं. त्या सर्टिफिकेटऐवजी ज्याच्या हाताखाली मुलाने काम केलं त्या सुपरवायझरला दहा मिनिटं फोन करा. 'मुलगा कसा आहे' विचारलंत तर 'चांगला आहे' एवढंच ऐकू येईल. त्यापेक्षा विचारा की ड्रॉइंग वाचून त्याने स्वतः मशिनचं सेटिंग केलं का, चूक झाली तेव्हा लपवली की सांगितली, कुठली गोष्ट तुम्हाला त्याला नव्याने शिकवावी लागली. ऑस्ट्रेलियात असा सर्व्हे देशपातळीवर होतो, पदवीधरांच्या थेट सुपरवायझरना विचारतात, त्यातही खोट आहेच, कारण नंबर मुलगा स्वतः देतो आणि ज्याचं साहेबाशी जमत नाही तो कशाला देईल. तुमच्याकडे मात्र इंटर्नशिपची सगळी यादी असते, त्यामुळे एकही मूल न गाळता विचारता येईल. काय नव्याने शिकवावं लागलं, या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं एका वहीत लिहीत जा आणि पुढच्या वर्षीचं प्रॅक्टिकलचं वेळापत्रक करताना ती वही समोर ठेवा.