सी लायब्ररीत एरर कशी नोंदवायची आणि कॉल करणाऱ्याला कशी कळवायची?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यासाठी तुम्ही सी लायब्ररी लिहिताय. ती आरएस-४८५ (कारखान्यातली सिरियल वायर) वर मॉडबस आरटीयूने (यंत्रांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने) प्रत्येक मागाच्या काउंटरचे आकडे वाचते. काही बिघडलं की आतच प्रिंटएफ (स्क्रीनवर छापणं) आणि एक्झिट (प्रोग्रॅमच बंद करणं) होतं. त्यामुळे एक माग गप्प बसला की सगळ्या शेडचं वाचन थांबतं आणि स्क्रीनवर 'सक्सेस' छापून येतं.

प्रिंटएफ आणि एक्झिट दोन्ही लायब्ररीतून आजच काढा. एका मागाने उत्तर दिलं नाही म्हणून बाकीचे माग वाचायचे की नाहीत, हे प्रोग्रॅमने ठरवायचं. लायब्ररीचं काम एवढंच: काय बिघडलं ते जागेवर नोंदवायचं आणि न बदलता वरच्याच्या हातात द्यायचं.

आता ते 'सक्सेस' कुठून येतं ते सांगतो. तुम्ही पोर्ट व्हीमिन (निदान किती बाइट यायला हवेत) ०, व्हीटाइम (किती वेळ वाट पाहायची) १० असा लावलाय. व्हीटाइम सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणजे रीड एक सेकंद थांबतो आणि काहीच आलं नाही तर ० परत देतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी हे अपयश नाही, त्यामुळे एरनो (शेवटच्या एररचा आकडा ठेवणारं सीचं व्हेरिएबल) भरला जात नाही. तुम्ही मात्र स्ट्रएरर (एरनोच्या आकड्याचा मजकूर देणारं फंक्शन) मागवता. एरनो ० असेल तर 'सक्सेस' दिसतं. आधीच्या एखाद्या कॉलचा आकडा त्यात उरला असेल तर 'नो सच फाइल' असलं काहीतरी दिसतं, आणि ते जास्त घातक, कारण माणूस भलतीकडेच शोधत बसतो. सीचं कोणतंही प्रमाण फंक्शन एरनो स्वतःहून ० करत नाही. म्हणून फंक्शनने अपयश कळवलं तरच एरनो पाहायचा. रीडने उणे १ दिला आणि एरनो ईआयएनटीआर (सिग्नल आल्यामुळे वाचन मधेच तुटलं) असेल तर ती एरर धरू नका, पुन्हा वाचा. टाइमआउटला मात्र तुमचा स्वतःचा कोड हवा.

कोडचा एक ईनम (नावं दिलेल्या आकड्यांची यादी) करा: ० म्हणजे ठीक, बाकी सगळे उणे. निदान चार प्रकार वेगळे ठेवाच: सिस्टिमची एरर, टाइमआउट, सीआरसी (संदेश वाटेत बिघडला का ते ओळखायचा आकडा) न जुळणं, आणि काउंटरने स्वतः दिलेला नकार. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. टाइमआउट आला तर वायर, बॉड रेट (लाइनचा वेग), स्लेव्ह नंबर (त्या काउंटरचा लाइनवरचा क्रमांक) तपासायचा. सीआरसी चुकत असेल तर केबल मोटरच्या वायरिंगला चिकटून गेलीय का, लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आहेत का ते बघायचं. इथे पुन्हा विचारून उपयोग होतो. नकार आला तर बहुतेक वेळा शंभरदा विचारलं तरी तोच येणार. मॉडबसच्या फंक्शन ३ ला (रजिस्टर वाचायची आज्ञा) उत्तरात ०एक्स८३ आणि पुढच्या बाइटमध्ये २ आला, तर रजिस्टरचा (काउंटरमधल्या आकडा ठेवायच्या जागेचा) पत्ताच चुकलाय. हे चारही 'रीड फेल्ड' या एका संदेशात कोंबले तर शेडमधला माणूस विनाकारण केबल उपसत बसेल. एकदा दिलेले आकडे पुढे बदलू नका, नवे शेवटी जोडा.

आकड्याबरोबरचा तपशील पोर्टच्या हँडलमध्ये (उघडलेल्या पोर्टची माहिती धरणाऱ्या स्ट्रक्टमध्ये) ठेवा: कोड, एरनोची प्रत, स्लेव्ह नंबर, रजिस्टर, नकाराचा आकडा आणि मजकुरासाठी २५६ बाइटांचा ठरावीक बफर. ग्लोबल व्हेरिएबल नको, दोन थ्रेड आले की एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर पडते. एरर लिहिताना मॅलॉकही (नवी मेमरी मागणंही) नको, कारण मेमरी संपली हीच एरर असू शकते. मजकूर एसएनप्रिंटएफने भरा. तो बफरच्या बाहेर लिहीत नाही, फार तर मजकूर तुटतो. पोर्ट उघडतानाच फसलं तर तपशील वाचायला हँडल कुठून आणायचं? एसक्यूलाइट (सीमधली डेटाबेस लायब्ररी) अशा वेळीही सहसा हँडल देते आणि ते नंतर बंद करायला लावते. तीच पद्धत घ्या.

क्रम फार महत्त्वाचा आहे. कॉल फसला की पुढच्याच ओळीत एरनो स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उचला, मग क्लोज, मग लॉग. क्लोज किंवा लॉगचं फंक्शन एरनो बदलू शकतं आणि मूळ कारण तिथेच हरवतं. वरच्या थराने खालची नोंद पुसायची नाही, 'स्लेव्ह ७ वाचताना' एवढं पुढे जोडायचं. नोंद साफ करायची ती प्रत्येक सार्वजनिक फंक्शनच्या सुरुवातीला.

लॉगसाठी कॉलबॅक (वापरणाऱ्याने दिलेलं, लायब्ररीने बोलवायचं फंक्शन) घ्या: पातळी, मजकूर आणि वापरणाऱ्याचा व्हॉइड पॉइंटर. तो दिला नसेल तर लायब्ररी गप्प राहील. म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) धरून कॉलबॅक बोलावू नका. त्याने आतून तुमचंच फंक्शन बोलावलं तर डेडलॉक होईल, म्हणजे सगळं कायमचं अडकेल. कारखान्यात आणखी एक गोष्ट हमखास घडते: बंद माग सेकंदाला एकदा विचारला तर दिवसाला ८६,४०० सारख्याच ओळी साचतात आणि खरी चूक त्यात बुडते. म्हणून प्रोग्रॅमने स्थिती बदलली तरच लिहावं: माग बोलायचा थांबला, माग पुन्हा बोलू लागला, मधे किती प्रयत्न फसले.

पुढे लिबमॉडबस (मॉडबससाठीची तयार सी लायब्ररी) वापरायचं ठरलं तर एक लक्षात ठेवा: ती स्वतःचे कोड ११,२३,४५,६७८ च्या वर नेऊन एरनोमध्येच ठेवते. साध्या स्ट्रएररला ते कळत नाहीत, मॉडबस_स्ट्रएरर वापरा.

हेडरमध्ये प्रत्येक फंक्शनला जीसीसीचं वॉर्न_अनयूज्ड_रिझल्ट लावा, म्हणजे परत आलेला कोड न पाहणाऱ्याला कंपायलरच टोकेल. मग टेबलावर एक काउंटर जोडून चारही एरर मुद्दाम घडवा: केबल काढा, चुकीचं रजिस्टर मागा, यूएसबी कन्व्हर्टर उपसा, आणि स्यूडो टर्मिनलच्या (सॉफ्टवेअरमधल्या खोट्या सिरियल पोर्टच्या) जोडीवरून शेवटचा बाइट बिघडवलेलं उत्तर पाठवा. प्रत्येक वेळी वेगळा कोड आणि योग्य स्लेव्ह नंबर आला, तरच लायब्ररी शेडमध्ये बसवा.