मी एसिटालोप्राम (डिप्रेशनची गोळी) घेते, रात्री झोप येत नाही म्हणून हर्बल टी घेतली तर चालेल का? नैसर्गिकच असते ना?

"नैसर्गिकच असते ना" एवढं वाचलं आणि लिहायला बसलो, एरवी मी इथे नुसता वाचून जातो.

मी लिथियमवर आहे, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीवर, बायपोलर (मूड खूप वर-खाली होण्याचा आजार), बारा वर्षं झाली. रक्तातली लिथियमची लेव्हल ०.६ ते १.० मध्ये ठेवायची असते, माझी कायम ०.८ च्या आसपास, डॉक्टर रिपोर्ट बघून छान म्हणायचे आणि पुढचा पेशंट. वजन मात्र वाढत गेलं. ते ताईला बघवेना, तिने एका हर्बल टीचा डबा आणून दिला, पोट साफ होतं, अंगातलं पाणी उतरतं वगैरे. वर अट अशी की कॉफी पूर्ण बंद. मी दिवसाला पाच-सहा कप पिणारा माणूस, पण ताईने सांगितलं म्हणजे सांगितलं, एका दिवसात सोडली.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, मी खूश. दुसऱ्या आठवड्यात हात थरथरायला लागले. लिथियमवर बारीक थरथर असतेच त्यामुळे मनावर घेतलं नाही, पण ही वेगळी होती, शर्टाचं बटण लागेना, सही केली तर मलाच ओळखू येईना. जुलाब चालूच होते, ते चहाचं काम म्हणून त्यांचं तर कौतुकच. मग एके दिवशी सकाळी बाथरूमपर्यंत भिंत धरून गेलो आणि बायकोला काहीतरी बोललो तर ती म्हणाली जीभ का अशी जड झालीये तुझी. लेव्हल निघाली १.९. ॲडमिट, लिथियम बंद, सलाईन, परत परत रक्त.

तिथे विचारलं दुसरं काही औषध घेता का, मी सरळ नाही म्हणालो. खोटं नव्हतो बोलत हो, चहा हे औषध असतं हे डोक्यातच आलं नाही. बायकोला आठवलं म्हणून बरं. तिने डबा आणला, मागे बारीक अक्षरात सोनामुखी आणि डँडेलियनची पानं. एकाने जुलाब, दुसऱ्याने लघवी. आता किडनीला लिथियम आणि मिठातलं सोडियम यातला फरक फारसा कळत नाही, अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की ती सोडियम धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही आत राहतं. आणि कॅफिनमुळे लिथियम लघवीवाटे जास्त बाहेर पडतं, म्हणजे माझा इतक्या वर्षांचा डोस त्या पाच-सहा कपांसकट बसवलेला होता! ती वाटही मीच बंद केली.

यावर ताईचं म्हणणं काय, तर "रिपोर्टमध्ये लिथियम जास्त आलं ना? मग चहाचं नाव कशाला घेता, गोळ्यांनीच झालं." आजही घरात विषय निघाला की हेच, आणि ऐकणारे माना डोलावतात कारण रिपोर्टवर खरंच चहा लिहिलेला नाहीये. अगं पण तीच गोळी, तोच डोस, बारा वर्षं काही झालं नाही आणि डबा आल्यावर पंधरा दिवसांत झालं, याचं काय? ताई, तू हे वाचत असशील तर घे.

बरं, तुमचा प्रश्न. नुसत्या कॅमोमाईलच्या (फुलांच्या) चहाचा एखादा कप एसिटालोप्रामबरोबर बहुतेकांना काही करत नाही, थोडी गुंगी वाढू शकते. रक्त पातळ करायचं वॉरफरिन घेत असाल तर मात्र तेही विचारून. खरी भीती "मूड" किंवा "रिलॅक्स" नावाने मिळणाऱ्या मिश्रणांची, त्यात सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती असेल तर हातही लावू नका. ती आणि एसिटालोप्राम दोन्ही मिळून सेरोटोनिन (मेंदूतलं मूडशी संबंधित रसायन) वाढवतात, मग घाम, कापरं, जुलाब, ताप, बेचैनी, प्रकरण जिवावर जाऊ शकतं. शिवाय सेंट जॉन्स वर्ट लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे बाकीची औषधं, मूडसाठीचं क्वेटियापिन, अगदी गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा, शरीरातून लवकर निघून जातात. ते बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे राहतो. झोपेच्या चहात बऱ्याचदा व्हॅलेरियन (झोप आणणारी मुळी) असतं, ते अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-घबराटीच्या गोळीबरोबर घेतलं की गुंगीवर गुंगी.

आणि झोप न येणं हे एसिटालोप्राममुळेही होतं. रात्री घेत असाल तर सकाळी घेऊ का हे डॉक्टरांना विचारा, कदाचित चहाची गरजच पडणार नाही.

हां, एक राहिलं, माझं वाचून घाबरून गोळी बंद करू नका, आणि तुमच्यापैकी कोणी लिथियमवर असेल तर कॉफी अचानक सोडूही नका आणि वाढवूही नका. सगळे चहा वाईट असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः आल्याचा पितो, डॉक्टरांना सांगून.

तुमचं पाकीट उलटून बघा आणि मागे जे काय लिहिलंय ते सगळं इथे टाका, पुढचं नाव नको.