जहाज पुन्हा मुंबईत येतंय; बिलासाठी अडवता येईल का?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं हायड्रॉलिक दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. एका परदेशी मालवाहू जहाजाच्या क्रेनचे सिलिंडर आम्ही दुरुस्त करून दिले. नऊ लाखांचं बिल आठ महिने थकलंय. मुंबईतला शिप एजंट ‘मालकाकडून आले की देतो’ एवढंच सांगतो. नंतर त्यांनीच दुरुस्तीला पाठवलेला एक पंप तयार होऊन माझ्याकडे पडून आहे. पुढच्या महिन्यात जहाज मुंबई बंदरात येतंय. कस्टम्समध्ये ओळख आहे. अडवता येईल का? – एक वाचक, भोसरी

उत्तर : अडवता येईल, पण ओळखीने नाही. कस्टम्सच्या लेखी परवानगीशिवाय जहाज बंदर सोडू शकत नाही हे खरं; पण तो अधिकार त्यांच्या कायद्याच्या कामासाठी आहे. बंदर आपल्या थकलेल्या आकारासाठी जहाज रोखतं, जहाजबांधणी आणि सुरक्षेची खोट दिसली तर नौवहन खात्याचे अधिकारी रोखतात. तुमच्या बिलासाठी यांच्यापैकी कुणीच रोखू शकत नाही. उद्या मालकाने जाब विचारला, तर तुमचा मित्र नोकरीनिशी अडकेल.

तुमचा रस्ता 2017 च्या सागरी दाव्यांच्या कायद्याचा, म्हणजे ॲडमिरल्टी ॲक्टचा. तो 1 एप्रिल 2018 पासून लागू आहे. जहाजाची दुरुस्ती, त्याला पुरवलेला माल किंवा सेवा यांचे पैसे हा त्यात ‘सागरी दावा’ आहे आणि त्यासाठी उच्च न्यायालय जहाजालाच अटक करू शकतं. पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात हे होणार नाही. जहाज मुंबईत असेल तर मुंबई उच्च न्यायालय, मुंद्र्याला गेलं तर गुजरात. म्हणून कागद आधी तयार हवेत. जहाज धक्क्याला लागल्यावर वकील शोधायला निघालात तर ते निघून गेलेलं असेल.

आता खरी मेख. काम कुणी दिलं? ऑर्डर मालकाच्या वतीने होती, की जहाज ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेल्या कंपनीच्या? अटक व्हायची तर पैसे देणं लागणारी व्यक्ती तेव्हा जहाजाची मालक होती आणि आजही आहे, हे दाखवावं लागतं. (मालकाच्या खलाशांशिवाय नुसतं जहाज पूर्ण ताब्यात भाड्याने घेणाऱ्याबद्दल वेगळी तरतूद आहे.) साध्या भाडेकरू कंपनीने काम दिलं असेल तर मालकाचं जहाज धरणं अवघड. आणि मधल्या आठ महिन्यांत ते विकलं गेलं असेल, तरी तेच. खलाशांचा पगार मालक बदलला तरी जहाजाला चिकटून राहतो, तुमचं बिल नाही. मात्र त्याच मालकाचं दुसरं जहाज आपल्या बंदरात आलं, तर त्यालाही अटक करता येते.

अटक झाली की मालक बहुधा बँक हमी देऊन जहाज सोडवतो आणि भांडण त्या हमीवर चालतं. पुरवठादारांना हवं असतं तेही हेच. पण न्यायालय तुमच्याकडूनही लेखी हमी घेऊ शकतं, की अटक चुकीची ठरली तर नुकसान भरून देईन. मोठ्या जहाजाचं एका दिवसाचं भाडंच तुमच्या बिलाच्या पुढे जाऊ शकतं. ऑर्डर कुणाची हे कागदावर दाखवता येत नसेल, तर मी तुम्हाला ही पायरी चढू नका असंच सांगेन.

अटकेनंतर कप्तान जहाज घेऊन पळाला तर तो न्यायालयाचा अवमान. सरकारी अधिकाऱ्याने रोखलेलं जहाज पळवलं तर 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्याने तो वेगळा गुन्हा ठरवला होता. अधिकारी जहाजावर असतानाच ते निघालं, तर त्या अधिकाऱ्याला असं नेण्याचा खर्चही मालक, कप्तान आणि एजंट यांच्या माथी होता. 2025 मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला आहे.

राहिला पंप. तो देऊ नका. करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे, उलट काही ठरलं नसेल तर, मेहनतीचे पैसे मिळेपर्यंत कारागीर वस्तू ठेवून घेऊ शकतो. पण फक्त त्या पंपाच्या दुरुस्तीपुरतं. जुन्या नऊ लाखांसाठी नव्हे. आणि परस्पर विकायचा तर नाहीच. त्याचं बिल आजच स्वतंत्र काढून एजंटला ईमेल करा.

पर्चेस ऑर्डर, डिलिव्हरी चलनावरचा जहाजाचा शिक्का आणि चीफ इंजिनिअरची सही, सगळे ईमेल, जहाजाचा आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) एवढं घेऊन या आठवड्यातच मुंबईत सागरी दावे चालवणाऱ्या वकिलाकडे जा. एजंटला मात्र फोनवर ‘जहाज धरतो’ म्हणू नका. तो मालकाला कळवेल आणि जहाज मुंबईला येणारच नाही.